रुसलेल्यांचा नाताळ

न्यूयॉर्क पोलिसांचा गायकवृंद असं काही नाही. आहे तो बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्यांचा बँड. तरी ब्रिटन-आयर्लंडातल्या पबमध्ये दर डिसेंबरला माणसं बेंबीच्या देठापासून गातात की एनवायपीडीचा, म्हणजे या पोलिसांचा, कॉयर ‘गॉलवे बे’ हे आयरिश गाणं म्हणतोय. १९८७ साली ही ओळ असलेल्या गाण्याच्या व्हिडिओसाठी हा पोलिसी बँड आणला, तर ‘गॉलवे बे’ कुणालाच येईना. सगळ्यांना येणारं एकच गाणं निघालं, मिकी माउस क्लबचं. ओठ हलले ते त्याच्यावर, असा किस्सा सांगतात.

ते गाणं म्हणजे द पोग्ज या लंडनच्या आयरिश-पंक बँडचं ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’. त्याच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण नाताळच्या गाण्यांत दुःख काही रॉकवाल्यांनी आणलेलं नाही. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिलं अर्व्हिंग बर्लिन या ज्यू गीतकाराने. गायक बिंग क्रॉसबीने ते १९४२मध्ये रेकॉर्ड केलं. मूळ गाण्याच्या तोंडाशी एक कडवं होतं: बेव्हर्ली हिल्सला ऊन पडलंय, संत्र्याची नि ताडाची झाडं डुलतायत, आणि हा माणूस उत्तरेकडच्या बर्फासाठी झुरतोय. क्रॉसबीच्या रेकॉर्डवर ते नाही. बर्लिनचा तीन आठवड्यांचा मुलगा १९२८मध्ये नेमका २५ डिसेंबरला गेला होता. म्हणजे सणाच्या दिवशी घराबाहेर राहिलेला माणूस या गाण्यांत पहिल्यापासून होताच. त्याला शाल पांघरून मागच्या रांगेत बसवलं होतं, इतकंच.

पंक आणि न्यू वेव्ह या बंडखोर रॉकच्या पोरांनी त्याला पुढे आणलं. १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या झेड-ई रेकॉर्ड्सने आपल्या कलाकारांकडून नाताळची गाणी मागवली. द वेट्रेसेस या बँडच्या ख्रिस बटलरला नाताळाचा मनस्वी कंटाळा. त्याने लिहिलेल्या ‘ख्रिसमस रॅपिंग’मधली बाई वर्षभर दमून ठरवते की यंदा घरी एकटीच बसायचं. छोटीशी टर्की ओव्हनमध्ये जाते आणि लक्षात येतं, क्रॅनबेरी आणायच्या राहिल्या. रात्री उघड्या असलेल्या दुकानात ज्याच्याशी वर्षभर भेट हुकत आली तोच रांगेत उभा, आणि तोही क्रॅनबेरीच विसरलेला! गायिका पॅटी डोनाह्यू हे सगळं जवळजवळ बोलत म्हणते. शीर्षकातली कोटी त्यावरच: रॅपिंग म्हणजे भेटवस्तू गुंडाळणं, आणि रॅप करणंही. दोन वर्षांनी प्रिटेंडर्स या बँडचं ‘टू थाउजंड माइल्स’ आलं. ऐकताना दूर गेलेल्या प्रियकराचं वाटतं. त्यांची गायिका क्रिसी हाइंडने ते लिहिलं बँडचा गिटारिस्ट जेम्स हनीमन-स्कॉट याच्यासाठी, आणि तो १९८२मध्ये पंचविशीतच वारला होता.

पोग्जचं गाणं पुरं व्हायला मात्र दोनेक वर्षं लागली. बँजोवाल्या जेम फायनरची पहिली कल्पना घरासाठी झुरणाऱ्या खलाशाची होती. बायकोने ती गुळगुळीत ठरवली आणि सुचवलं, नाताळला भांडणारं एक जोडपं घे. (या बाईंचं नाव रेकॉर्डवर हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.) शब्दांना धार आणली बँडचा गायक शेन मॅकगोवनने. गाणं उघडतं ते दारुड्यांच्या कोठडीत, नाताळच्या आदल्या रात्री. युगुलगीतातला बाईचा आवाज बेसवाली केट ओ’रिऑर्डन देणार होती, पण तिने १९८६मध्ये बँड सोडला. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटने टेप घरी नेली आणि बायको कर्स्टी मॅकॉलकडून तात्पुरता म्हणून आवाज भरून घेतला. तो ऐकल्यावर दुसऱ्या गायिकेचा विषयच संपला.

१९८७मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत नाताळला ते दुसरं आलं, पेट शॉप बॉइजच्या मागे. दोघं एकमेकांना घालतात त्या शिव्यांवरून पुढे बरंच रामायण झालं. २००७मध्ये बीबीसी रेडिओ वनने दोन शब्द पुसले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी परत घातले. २०२०मध्ये मात्र बदललेली आवृत्ती वाजवली. त्यातला एक शब्द समलिंगी श्रोत्याला आजही लागतो, हे खरंच आहे. पण ही दोन माणसं सभ्य बोलली असती, तर ते जोडपं उरलंच नसतं.

अटलांटिकपलीकडे सूर वेगळा लागला. आर.ई.एम. हे बँडवाले १९८८पासून दर नाताळाला फॅन क्लबच्या सभासदांना रेकॉर्ड पाठवायचे, बाजारात न मिळणारी. मिनेसोटातल्या डुलुथचा लो हा बँड तर मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या श्रद्धाळू नवरा-बायकोचा होता. १९९९च्या त्यांच्या ‘ख्रिसमस’ रेकॉर्डमधल्या ‘जस्ट लाइक ख्रिसमस’मध्ये बँड स्टॉकहोमहून निघतो, बर्फ पडतो, कुणी म्हणतं नाताळसारखं वाटतंय, त्यातली बायको मिमी पार्कर म्हणते, छे. ऑस्लोला बर्फ नाही, रस्ता चुकलाय, खाटा आखूड, आणि तेव्हा कुठे तिला नाताळ वाटतो. मागे घुंगरं वाजत असतात. या सगळ्या परंपरेत मला हे गाणं सगळ्यात जवळचं.

२००९चा प्रकार गाण्यापेक्षा गनिमी काव्याचा. ‘एक्स फॅक्टर’ या टीव्ही स्पर्धेचे विजेते सलग चार वर्षं ब्रिटनमध्ये नाताळचा पहिला नंबर पटकावत होते. एका जोडप्याने फेसबुकवर मोहीम काढली आणि रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं १९९२चं ‘किलिंग इन द नेम’ पाच लाखांवर प्रती खपून पहिलं आलं. त्यात नाताळाचा न सुद्धा नाही.

मॅकॉल १८ डिसेंबर २०००ला मेक्सिकोत मोटरबोटीच्या धडकेने गेली. मॅकगोवनचा जन्मच २५ डिसेंबरचा. तो ३० नोव्हेंबर २०२३ला गेला. ८ डिसेंबरला टिपरेरी परगण्यातल्या नेनाच्या चर्चमध्ये ग्लेन हॅन्सार्ड आणि लिसा ओ’नील यांनी ते भांडण पुन्हा गायलं, आणि घरची माणसं उठून शवपेटीसमोर नाचली.