तेरच्या मण्यांपुढं थांबण्याआधी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येणारे बहुतेक जण गोरोबाकाकांचं दर्शन घेतात अन् माघारी फिरतात. गावातच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं सरकारी म्युझियम आहे, तिथं गेलेच तर हस्तिदंताची बाहुली बघून फोटो काढतात आणि मण्यांपुढून तसेच पुढं सरकतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, असं सांगितलंय. तगरहून कापड जायचं आणि पैठणहून अकीकासारखा पट्टेदार दगड, तोही गाड्या भरभरून, वाट नसलेल्या मुलखातून. पुढं भडोचहून जहाजानं.

हा दगड आपल्याच काळ्या खडकातला. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यात झिरपलेल्या पाण्यातली सिलिका थरावर थर साचत गेली, त्याच ह्या गारगोट्या, शेतात नांगराला लागतात त्या. त्यातला पिवळट-तपकिरी दगड मंद आचेवर भाजला की आतल्या लोहामुळं लालबुंद होतो, गुजरातेतल्या खंबातचे कारागीर आजही तो असाच भाजतात. मग छिलायचा, घासायचा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे भोक. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं पाडत मधे जुळवायचं, शेवटच्या क्षणी मणी चिरला तर आधीची सगळी मेहनत वाया! अशा मण्याला नुसता 'मणी' म्हणून कसं सोडायचं?

तेरला १९५८ मध्ये खोदकाम झालं. पण पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर जोराचा पाऊस झाला की माती वाहून जाते आणि मणी आपोआप उघडे पडतात, हे गावातल्या पोरांना आधीपासून ठाऊक. दगडाचे, काचेचे, शंखाचे, भाजलेल्या मातीचे.

आणि मणी आपल्याकडं कधी जुने झालेच नाहीत. बाळाच्या मनगटात दृष्टीचे काळे मणी, तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ, आत लाख भरलेली सोन्याची बोरमाळ. माझ्या आजीची काळी पोत तुटली तर 'तुटली' म्हणायची सोय नव्हती, 'वाढवली' म्हणायचं, एकेक मणी वेचून पदरात बांधायचा आणि त्याच दिवशी पटवेकऱ्याकडून गाठवून आणायची.