नातवाचे गोल कसे वाचायचे: आइस हॉकीतल्या कोवळ्या फॉरवर्डमागचा इतिहास

जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव इथल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिकायला, नोकरीला कॅनडा-अमेरिकेत गेली आणि तिकडेच रमली. त्यांची पोरं हिवाळ्यात शाळासोबत्यांबरोबर आइस हॉकी खेळतात. टोरांटोत शनिवारी सकाळी आठचा सामना असला की इकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आजोबा ओट्यावर मोबाइल घेऊन बसतात आणि सामना संपला की पहिला प्रश्न अहिराणीतून जातो, ‘कितला गोल करात रे भाऊ?’ नातवानं ‘तीन’ म्हटलं की ती बातमी गल्लीभर होते. ‘एकपण नाही, आबा’ म्हटलं की इकडचा आवाज उतरतो. मग महिन्या-दोन महिन्यांत पुढचा प्रश्न येतोच: पोरगा फॉरवर्ड आहे, गोल करतो, तर पुढे मोठा खेळाडू होईल का?

या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आजी-आजोबांनीच नव्हे, आईवडिलांनीही माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कारण लहानपणीच्या गोलांत मुलाच्या कौशल्यासोबत त्याचा जन्ममहिना, त्याची उंची, त्याची लीग आणि त्या काळाचे नियम असं सगळं मिसळलेलं असतं. ते वेगळं करायला हॉकीच्या जगालाही फार उशीर लागला.

आधी खेळाची तोंडओळख. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड, म्हणजे मधला सेंटर आणि दोन बाजूंचे विंगर. चेंडूऐवजी पक असतो, 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची कडक रबरी चकती. गोलपोस्ट 6 फूट रुंद, 4 फूट उंच. दमछाक इतकी की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून फॉरवर्ड बाकावर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. या पाऊण मिनिटाच्या पाळीला शिफ्ट म्हणतात. छतबंद रिंकवरचा पहिला रीतसर सामना 3 मार्च 1875 रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झाला. तेव्हा एका बाजूला नऊ जण होते.

गोलांचा आकडा नियमांवर किती अवलंबून असतो, हे 1929 मध्ये लख्ख दिसलं. त्याआधी प्रतिस्पर्ध्याच्या भागात पुढे पास द्यायला बंदी होती. पक स्वतःच पळवत न्यायचा, नाहीतर मागे द्यायचा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या 1928-29 च्या हंगामात माँट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने 44 पैकी 22 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. त्या हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या एस बेलीचे गोल होते 22. पुढच्या हंगामात पुढचा पास सगळीकडे खुला झाला आणि कूनी वायलँडने 43 गोल केले. सामने तितकेच, लीग तीच. फॉरवर्ड एका उन्हाळ्यात दुप्पट हुशार झाले नव्हते, नियम बदलला होता. पुढेही हे होत राहिलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एनएचएलमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला आठच्या आसपास गोल होत, 2003-04 मध्ये ते पाचाच्या थोडे वर उरले. म्हणून काकांच्या काळातला तीस गोलांचा फॉरवर्ड आणि आजचा तीस गोलांचा फॉरवर्ड एकाच मापाने मोजता येत नाहीत.

लहान मुलांच्या गोलांचं वेड मात्र एका मुलापासून वाढलं. कॅनडातल्या ब्रँटफर्ड गावचा वेन ग्रेट्झकी, जन्म 1961. वडील वॉल्टर यांनी घरामागच्या अंगणात पाणी सोडून बर्फाची रिंक केली होती. सहाव्या वर्षी तो दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळला आणि अख्ख्या हंगामात त्याचा गोल झाला एक. दहाव्या वर्षी एकाच हंगामात त्याने 378 गोल केले. हा दुसरा आकडा जगभर गेला, पहिला कोणी फारसा सांगत नाही. मला पहिलाच जास्त मोलाचा वाटतो: हा तोच मुलगा होता, फक्त समोरची मुलं चार वर्षांनी मोठी होती.

आणि अंगणात काय चाललं होतं तेही बघायला हवं. वॉल्टर बर्फावर डबे मांडून त्यांच्यामधून पक काढायला लावत. टीव्हीवर सामना लागला की छोटा वेन कागदावर रिंकचा आराखडा काढून, पक जिकडे जाईल तिकडे पेन्सिल फिरवायचा. रेघा जिथे दाट झाल्या तिथे पक जास्त वेळ असतो, हे त्याच्या हाताला कळत गेलं. मोठेपणी ना तो सगळ्यांत दणकट होता, ना सगळ्यांत वेगवान. 1981-82 च्या हंगामात त्याने 92 गोल केले, तो विक्रम अजून टिकून आहे. कारकिर्दीतले त्याचे 894 गोल ओलांडायला अलेक्झांडर ओव्हेचकिनला 6 एप्रिल 2025 ची वाट बघावी लागली.

ग्रेट्झकीनंतर घरोघरी ‘आमचाही तसाच’ सुरू झालं. मोठ्या आकड्यांची मुलं निवडली जाऊ लागली. त्यांना चांगले प्रशिक्षक, बर्फावर जास्त वेळ, जास्त सामने मिळाले. पण या निवडीत एक खोट होती, ती 1985 मध्ये उघडी पडली. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू ऑक्टोबर ते डिसेंबरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले.

कारण साधं होतं. तिथल्या बालगटांची वयोमर्यादा कॅलेंडर वर्षावर ठरते. 2 जानेवारीला जन्मलेला आणि 28 डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी या दोघांमध्ये जवळजवळ एका वर्षाची वाढ असते: उंचीत, पायांच्या ताकदीत, धक्का सोसण्यात. गोल जानेवारीवाला करतो. प्रशिक्षकाला तो ‘गुणी’ दिसतो, वरच्या संघात जातो, तिथे त्याला दुप्पट सराव मिळतो आणि मग तो खरोखरच सरस होतो. डिसेंबरवाला चौथ्या फळीत बसून राहतो, पुष्कळदा खेळच सोडतो. रावेर-यावलकडचा शेतकरी शेजारच्या दोन केळीबागांची तुलना लागवडीची तारीख विचारल्याशिवाय करत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र ती तारीख विचारायला हॉकीला शतक लागलं. आपल्या शालेय स्पर्धांतही 14, 17, 19 वर्षांखालील असे गट असतात, तिथेही हाच हिशेब लागू आहे आणि तो फार कमी ठिकाणी केला जातो.

पुढे 2013 च्या एका अभ्यासात याची दुसरी बाजू दिसली. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या योग्यतेपेक्षा उशिरा निवडले जात होते आणि पुढे अपेक्षेपेक्षा जास्त कामगिरी करत होते. जे लहानपणी मार खात टिकले, ते पुढे पुरून उरले.

ड्राफ्ट म्हणजे संघांनी तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत, 1963 पासूनची. अठरा वर्षांच्या मुलाचं भविष्य सांगणं किती कठीण आहे, हे तिच्या इतिहासात पानोपानी दिसतं. 1993 मध्ये ओटावाने पहिल्या क्रमांकावर अलेक्झांडर डेग घेतला. क्वेबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये त्या हंगामात त्याने 53 सामन्यांत 137 गुण केले होते (हॉकीत गोल आणि गोलाला साहाय्य, दोन्हींचा एकेक गुण). एनएचएलमधल्या 616 सामन्यांत त्याचे गोल झाले 129. त्याला अपयशी म्हणून हिणवणं मला पटत नाही. तो जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये सहाशेहून जास्त सामने खेळला. चूक आकडा वाचणाऱ्यांची होती, ज्या लीगमध्ये गोलांचा पाऊस पडत होता तिचा आकडा त्यांनी जसाच्या तसा पुढे नेला. उलट 1984 मध्ये स्केटिंग संथ म्हणून 171 व्या क्रमांकावर गेलेल्या लुक रोबिताईने पुढे 668 गोल केले. उंची कमी म्हणून मार्टिन सेंट लुईला तर कोणी निवडलंच नाही. 2003-04 मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला आणि 2013 मध्ये, 37 व्या वर्षी, पुन्हा एकदा.

खान्देशातल्या माणसाला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट ऑस्टन मॅथ्यूजची. तो वाढला ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये, वाळवंटात. तिथला जून आपल्या भुसावळच्या मे महिन्यासारखाच, पारा पंचेचाळीसला टेकणारा. नैसर्गिक बर्फाचं नावही नाही. 1996 मध्ये फिनिक्सला एनएचएलचा संघ आला, म्हणून शहरात हॉकी दिसू तरी लागली. मॅथ्यूज ज्या रिंकवर घडला ती मापाने लहान होती, तिथे तीन विरुद्ध तीन असे सामने चालत. पूर्ण रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते; तिच्यावर दहा वर्षांचा उंच, वेगवान पोरगा पक घेऊन सुसाट सुटला की बाकीचे मागे राहतात आणि गोल होतो. लहान रिंकवर पळायला जागाच नसते. पक ताब्यात आला की अंगावर कोणीतरी असतोच. दोन पावलांत वळायचं, खांदा एकीकडे दाखवून पक दुसरीकडे ओढायचा, डोकं वर ठेवून जोडीदार शोधायचा, आणि पाय थांबायच्या आत मनगटानेच फटका सोडायचा. शिवाय प्रत्येकाच्या स्टिकला पक कितीतरी जास्त वेळा लागतो. बोरिस दोरोझेन्को या युक्रेनमध्ये जन्मलेल्या प्रशिक्षकाने त्याच्या स्केटिंगवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली.

मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. ड्राफ्टसाठी अठरा वर्षं पूर्ण होण्याची मर्यादा 15 सप्टेंबर. दोन दिवसांनी त्याचं वर्ष हुकलं. ते वर्ष तो झुरिकच्या संघातून मोठ्या माणसांत खेळला, 36 सामन्यांत 24 गोल केले. 2016 मध्ये टोरांटोने पहिल्या क्रमांकावर घेतलं, पदार्पणातच चार गोल, आणि 2023-24 च्या हंगामात 69.

मैदान लहान करण्याचा हा धडा आता पद्धतीत उतरला आहे. 2009 मध्ये अमेरिकेच्या हॉकी संघटनेने नवा विकास आराखडा आणला आणि लहानग्यांचे सामने रिंकच्या आडव्या तुकड्यांवर होऊ लागले. कॅनडातही सर्वांत लहान गट अर्ध्या रिंकवर खेळतात. अंगाने धडक देण्याला 2011 मध्ये अमेरिकेने आणि 2013 मध्ये कॅनडाने बारा वर्षांपर्यंतच्या गटात बंदी केली. आजी-आजोबांची निम्मी काळजी इथेच मिटावी. याचा गोलांवरही परिणाम झाला: नुसत्या आडदांडपणावर होणारे गोल कमी झाले.

आज निवड करणारे जाणकार आकडा सोलून बघतात. एका लीगमधल्या गुणांचं दुसऱ्या लीगच्या हिशेबात रूपांतर करण्याची गणितं 2000 च्या दशकापासून रुळली. मुलाचं वय महिन्यांत धरतात. समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, म्हणजे पॉवर प्लेवर, झालेले गोल वेगळे काढतात. एनएचएलमध्ये साधारण दहा फटक्यांना एक गोल पडतो; एखाद्या मुलाचे महिनाभर चार फटक्यांना एक असे पडत असतील तर ते ओसरणार, हे धरून चालतात. फटके किती आणि कुठून मारले, याला गोलांइतकंच वजन देतात. गोलपोस्टसमोरच्या पट्ट्याला स्लॉट म्हणतात. तिथून मारलेला साधा फटका बाजूच्या कोपऱ्यातून मारलेल्या जोरदार फटक्यापेक्षा जास्त वेळा आत जातो.

व्हिडिओ आला की पक जाळ्यात गेल्यावरचा जल्लोष सोडून त्याआधीचे तीन सेकंद पुन्हा बघा. पास येण्याआधी नातू स्लॉटमध्ये पोचला होता का? स्टिकचं पातं बर्फाला टेकलेलं होतं का? त्याने एकदा तरी मागे वळून बचावपटू कुठे आहे ते पाहिलं का? तिन्ही असेल आणि गोलरक्षकाने अडवला असेल, तरी ती शिफ्ट चांगली होती. आणि एनएचएलमधले फॉरवर्डसुद्धा बहुधा चोविशी-पंचविशीच्या सुमारास सर्वाधिक गोल करतात, तेव्हा दहाव्या वर्षाला अजून पुष्कळ वाट आहे.

आपल्या देशात या खेळाचं घर लडाख. भारताची आइस हॉकी संघटना 1989 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. महिलांचा संघ 2016 मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवलं. यातल्या बहुतेक मुली हिवाळ्यातल्या जेमतेम दोन-तीन महिन्यांच्या नैसर्गिक बर्फावर घडल्या, ही गोष्ट शाळाशाळांत सांगितली पाहिजे.

खान्देशात बर्फ नाही, पण चाकांवरची इनलाइन हॉकी सिमेंटच्या मैदानावरही खेळता येते. तीत गोलरक्षक सोडून चारच जण असतात आणि धडक द्यायला मनाई असते. म्हणजे जागा शोधणं, पास ओळखणं, मनगटाचा फटका हे फॉरवर्डचं अर्ध्याहून जास्त शिक्षण इथेच होऊ शकतं. फरक पडतो तो थांबण्यात. बर्फावर स्केटची दोन्ही पाती आडवी करून, बर्फाचा भुगा उडवत जागच्या जागी थांबता येतं. चाकं तशी आडवी सरकत नाहीत, त्यामुळे इनलाइनवर वाढलेला मुलगा गोल वळसा घेऊन थांबतो. असा मुलगा सुट्टीत बर्फावर गेला तर पहिले काही दिवस त्याला थांबणं आणि उलट दिशेने पुन्हा सुटणं, एवढंच शिकवावं. गोलावर फटके मारायला त्यानंतर लावावं.