प्राणिदेह, चैन आणि समकालीन शिल्प

फर, कातडे, हस्तिदंत, पिसे, रेशीम अशा चैनीच्या वस्तूंमागचा प्राणी पुन्हा नजरेसमोर आणणारी शिल्पे. कातडे कमावताना केस, चरबी आणि वास निघून जातो. पर्स हाती येते तेव्हा जनावराची आठवणही उरत नाही. चैनीची वस्तू या विसरण्यावरच उभी असते. ही शिल्पे ते विसरू देत नाहीत.

या विचाराची सुरुवात कलाकार मेरेट ओपनहाइम यांच्या १९३६ मधील ‘ऑब्जेक्ट’ या कृतीत शोधता येते. कप, बशी आणि चमचा त्यांनी गॅझेल हरणाच्या फरने मढवला. ही अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारख्या विचित्र प्रतिमा घडवणाऱ्या चळवळीतली, कृती होती; प्राण्यांची बाजू मांडण्यासाठी ती घडलेली नव्हती. तरीही खांद्यावर ऊबदार वाटणारी फर ओठांजवळ येणार या कल्पनेनेच अंगावर शहारा येतो.

बेल्जियमचे कलाकार विम डेल्व्हॉय यांनी १९९० च्या दशकात डुकरांच्या कातडीवर गोंदायला सुरुवात केली आणि पुढे चीनमध्ये त्यासाठी डुकरांचे फार्म चालवले. गुंगीचे औषध दिलेल्या जिवंत डुकरांच्या अंगावर लुई व्हिटॉन या महागड्या ब्रँडची चिन्हेही गोंदली गेली. डुक्कर वाढते तसे चित्रही पसरते. ते मेल्यावर कातडे ताणून भिंतीवर लावले जाते, किंवा पेंढा भरलेले डुक्कर दालनात उभे राहते. बॅगेवर मिरवायची नक्षी श्वास घेणाऱ्या पाठीवर दिसली, की नजर चुकवता येत नाही. पण डुकराला इथेही कोणी विचारले नाही, आणि कातडे विकले गेलेच. टीका म्हणून कृती प्रभावी आहे. डुकरासाठी मात्र हा त्याच व्यापाराचा पुढचा टप्पा ठरतो.

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्ट यांच्या ‘द गोल्डन काफ’मध्ये (२००८) हा पेच आणखी उघडा पडतो. मृत शरीर कुजू न देणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या रसायनात ठेवलेल्या गोऱ्ह्याचे खूर आणि शिंगे १८ कॅरट सोन्याची आहेत. लंडनच्या लिलावात या शिल्पाला १ कोटी पौंडांहून अधिक किंमत आली.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या कलाकार अँजेला सिंगर कलेसाठी प्राणी मारू देत नाहीत. शिकारीची खूण म्हणून कधीकाळी भिंतीवर मिरवलेली आणि नंतर नकोशी झालेली, पेंढा भरलेली जनावरे त्या वापरतात. पेंढा भरणारा कारागीर गोळीची जखम बुजवून टाकतो. सिंगर अशा जखमा उघड्या करतात आणि तिथे मणी, बटणे, जुने दागिने जडवतात. लांबून आधी झगमगाट दिसतो. जवळ गेल्यावर कळते, की तो जखमेतून वाहतो आहे.