मामला गावापासून जिल्हा साथरोग कक्षापर्यंत

साथरोगतज्ज्ञ व्हायचे तर काय शिकावे, असे मराठवाड्यातली मुले-मुली आता विचारू लागली आहेत. उत्तरादाखल त्यांना अभ्यासक्रमांची नावे मिळतात. हे पद जिल्ह्याजिल्ह्यांत आले कशामुळे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. त्याची एक वाट बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावातून जाते, आणि आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

1994 चा ऑगस्ट. किल्लारीच्या भूकंपाला अजून वर्षही झाले नव्हते. मामल्यात घरोघर पिसवा झाल्या, उंदीर मरून पडू लागले. उंदीर पडणे म्हणजे काय, हे जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नसे. प्लेगच्या दिवसांत तेवढ्यावर गाव मोकळे होई आणि माणसे शिवारात झोपड्या घालून राहत. पण 1966 नंतर देशात प्लेगच्या रुग्णाची नोंद नव्हती, त्यामुळे सरकारी यंत्रणेचे त्याकडचे लक्षही ओसरले होते. पुढे ताप आणि जांघेत, काखेत गाठ असलेले रुग्ण दिसू लागले. भूकंपाच्या धास्तीने लोकांनी घरे सोडली, कणगीतले धान्य आतच राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असा कयास तेव्हा मांडला गेला.

त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उसळला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, लाखो लोकांनी शहर सोडले, काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली. बीडहूनच रोग तिकडे गेला, असे सिद्ध झालेले नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दोन्हीकडे प्लेगच होता असा निष्कर्ष काढला, पण ही खात्री होईपर्यंत अफवांनी देश हादरून गेला होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत येतो, त्यामुळे गावात पिसवा वाढल्याची तक्रार हाच पहिला इशारा होता. तो ऐकून त्याच आठवड्यात नोंदवणारा, नमुने पाठवणारा आणि शेजारच्या गावांत चौकशी करणारा प्रशिक्षित माणूस जिल्ह्यात असणे किती गरजेचे आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले.

1996 मध्ये दिल्लीत डेंग्यूने हाहाकार उडवला. या दोन धक्क्यांनंतर 1997-98 मध्ये मोजक्या जिल्ह्यांत साथरोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबर 2004 मध्ये त्याची जागा एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने घेतली. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. जिल्हा सर्वेक्षण कक्ष आणि त्यातला साथरोगतज्ज्ञ ही याच प्रकल्पाची देणगी.

याआधीचा इतिहास निजामाच्या काळात जातो. मुंबईच्या प्लेगनंतर 1897 मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही त्याच्या मजकुरात 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीच्या ‘ब’ वर्ग राज्यांचे, म्हणजे मुख्यतः जुन्या संस्थानांचे, प्रदेश वगळलेले राहिले आणि मराठवाडा ज्यात होता ते हैदराबाद त्यांतलेच एक होते. वगळणारे ते शब्द काढले गेले थेट 2020 च्या दुरुस्तीने, कोरोनाच्या ऐन साथीत.

साथरोगशास्त्राची विचार करण्याची रीत समजून घ्यायची असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू या जंताच्या रोगाबद्दल विचारावे. नारूचे बी असलेले सूक्ष्म जलकीटक पाण्यावाटे पोटात जात आणि सुमारे वर्षभराने पायावर फोड येऊन दीड-दोन हात लांब जंत बाहेर पडू लागे. आग शमवायला रुग्ण बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, की पुढच्या वर्षीच्या रुग्णांची पेरणी झालीच. म्हणून तपासणाऱ्याने आज कुठले पाणी पिता, असे विचारून भागत नसे. गेल्या वर्षी याच दिवसांत पाणी कुठून आणत होता, हा खरा प्रश्न. नारूवर लस नव्हती, तो मारणारे औषधही नव्हते. पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत जलकीटक मारणारे टेमेफॉस हे रसायन टाकणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, एकेक रुग्ण शोधून त्याला पाण्यापासून दूर ठेवणे, एवढ्यावर देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. सार्वजनिक आरोग्यातल्या इतक्या मोठ्या यशाची आठवण आपण फारशी ठेवली नाही, याची खंत वाटते.

आजही काम त्याच पद्धतीने चालते. आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर तपासणीवरून आणि प्रयोगशाळा अहवालावरून नोंद करते. पूर्वी ही माहिती आठवड्याच्या तक्त्यांतून जाई, एप्रिल 2021 पासून ती ऑनलाइन भरली जाते. एखाद्या गावात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की साथरोगतज्ज्ञ कोण, कुठे राहणारा, कोणत्या दिवशी आजारी पडला याची यादी करतो, नकाशावर घरे मांडतो आणि पाइपलाइन कुठे गटारातून जाते हे पाहायला स्वतः चालत जातो. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले, तेव्हा पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन्ही खात्यांना गावात उतरावे लागले.

काम साथींपुरतेच उरलेले नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला. सरकारी पाहणीत 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजार 800 हून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हा आकडा हाती येण्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागले. कोयता घेऊन सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्या बाईला कधी गाठायचे आणि काय विचारायचे, हे त्या भागात वाढलेल्या मुलीला चटकन कळेल.

शिक्षणाचा सरळ रस्ता म्हणजे एमबीबीएसनंतर जनऔषधवैद्यकशास्त्रात (कम्युनिटी मेडिसिन) एमडी. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय 1956 पासून आहे, पुढे अंबाजोगाई, नांदेड आणि लातूरलाही महाविद्यालये आली. दुसरा रस्ता सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एमपीएचचा. त्याला अनेक संस्थांत आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंगचे पदवीधरही चालतात. पात्रता संस्थेनुसार बदलते, तेव्हा चौकशी आधी करावी. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था 1999 मध्ये सुरू झाली, तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून प्रत्यक्ष साथीच्या तपासाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण मिळते. जिल्हा कक्षातली साथरोगतज्ज्ञाची पदे मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी आहेत आणि करार ठरावीक मुदतीचा असतो. गावोगावची ओळख व्हायला वर्षे लागतात. ती झालेला माणूस करार संपला म्हणून जातो, तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्याला कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या वस्तीला जाते, इथपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.