लष्करी शोध व बचाव हेलिकॉप्टरे आणि त्यांचे सुटे भाग

समुद्रात, डोंगराळ मुलखात अथवा शत्रूच्या प्रदेशात अडकलेले वैमानिक, सैनिक व प्रसंगी नागरिक यांना शोधून सुखरूप बाहेर काढण्यासाठी सैन्यदले वापरीत असलेली हेलिकॉप्टरे. शत्रूच्या माऱ्यात करावयाच्या लढाऊ बचावासाठीच्या प्रकारांत चिलखत, मशीनगन व हवेतच इंधन घेण्याची नळी असते.

या कार्याचा आरंभ कोणत्या घटनेपासून धरावा याविषयी मतभेद आहेत. जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाच्या फ्रँक एरिक्सन यांनी स्फोट झालेल्या ‘टर्नर’ या विनाशिकेवरील जखमींसाठी हेलिकॉप्टरने रक्तद्रव पोहोचविला. त्याने जीव वाचले, परंतु कोणाला उचलून आणले गेले नाही. त्याच वर्षी ब्रह्मदेशात कार्टर हार्मन यांनी सिकॉर्स्की आर-४ प्रकारच्या हेलिकॉप्टरने जपानी फौजांच्या पिछाडीस अडकलेला एक अमेरिकी वैमानिक व तीन ब्रिटिश सैनिक यांची सुटका केली. तिच्या तारखा सर्वत्र सारख्या आढळत नाहीत. एप्रिलचा अखेरचा आठवडा बहुधा बरोबर असावा. उष्ण व दमट हवेत इंजिनाची शक्ती अपुरी पडत असल्याने एका वेळी एकच माणूस नेता आला. विंचने, म्हणजे तार गुंडाळून भार उचलणाऱ्या यंत्राने, माणूस वर ओढणे हाच निकष मानणारे लेखक नोव्हेंबर १९४५ मध्ये कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ एका बार्जवरून (सपाट तळाच्या मालवाहू नौकेवरून) झालेल्या सुटकेला अग्रमान देतात. मात्र ती लष्करी मोहीम नव्हती, त्यामुळे ब्रह्मदेशातील घटनेचा दावा अधिक सबळ वाटतो.

हेलिकॉप्टरचे अनेक भाग सतत कंप पावत व भार झेलत असल्याने त्यांत धातूचा शिणवटा (वारंवार ताण पडून येणारा कमकुवतपणा) साचतो. म्हणून पाती, घूर्णकाचा तुंबा (फिरणारी पाती ज्यात बसवितात तो मधला भाग) व गिअरबॉक्समधील काही भाग ठरलेल्या उड्डाणतासांनंतर, दिसावयास निर्दोष असले तरी, काढून टाकावेच लागतात. सी किंग जातीच्या हेलिकॉप्टरांत पात्याच्या पोकळ धातूच्या कण्यात दाबाखाली नायट्रोजन भरीत. भेग पडून दाब घटला की निदर्शक तसे दाखवी. गिअरबॉक्सच्या तेलातील धातूचे कण चुंबकीय शोधकावर जमतात व झीज वेळीच कळते. समुद्रावरील कामात खाऱ्या तुषारांमुळे गंज लवकर चढतो, म्हणून उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुणे आवश्यक ठरते. विंचची पोलादी तार हा सर्वांत जपावयाचा भाग होय. तिचा एखादा तंतू तुटला किंवा तिला पीळ पडला तरी ती बदलतात, कारण तिच्यावर माणूस लोंबकळत असतो. तार कोठे अडकल्यास ती तोडणाऱ्या स्फोटक काडतुसालाही वापराची मुदत असते.

ताफे लहान व आयुष्य दीर्घ असल्याने पुरवठा ही कायमची अडचण असते. नॉर्वेने १९७३ पासून वापरलेली सी किंग हेलिकॉप्टरे २०२३ मध्ये निवृत्त झाली. इतक्या काळात मूळ पुरवठादार उत्पादन बंद करतात. कॅनडाने आपल्या कॉर्मोरंट या बचाव हेलिकॉप्टरांच्या ताफ्याला भाग मिळावेत म्हणून २०११ मध्ये, अमेरिकेने रद्द केलेल्या कार्यक्रमातील त्याच कुळातील नऊ व्हीएच-७१ हेलिकॉप्टरे विकत घेतली. एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसऱ्याला बसविण्याची पद्धतही रूढ आहे, पण तीत श्रम दुप्पट होतात आणि काढताना चांगला भाग बिघडण्याचा धोका राहतो.