गडग्यावरचं वाय-फाय

गावागावांत फायबर पोचलं आणि कोकणातल्या गडग्यांना, म्हणजे अंगणाभोवतीच्या दगडी कुंपणांना, नवं गिऱ्हाईक मिळालं. दिवेलागणीनंतर एखाद्या घराच्या गडग्यावर चार-पाच पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली दिसली, की समजावं, आत राउटर आहे आणि त्याचा पासवर्ड आता फक्त घरातल्यांचा राहिलेला नाही. पोरं नेमकी तिथेच का बसतात, यालाही शास्त्रीय कारण आहे.

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सहाच्या आसपास. जांभ्याची जाड भिंत या लहरींना बरंच थोपवते. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरणारा. आणि पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे ओल्या भिंतीपलीकडे सिग्नल आणखी क्षीण होतो. पत्रा तर त्यांना आल्या वाटेने परत पाठवतो. लाकडी दारं, खिडक्या आणि मातीची कौलं मात्र फारशी हरकत घेत नाहीत. म्हणजे ओटीवर ठेवलेल्या राउटरचा सिग्नल मागच्या न्हाणीपर्यंत धड पोचत नाही, पण उघड्या पडवीतून अंगण ओलांडून गडग्यापर्यंत सरळ जातो.

बाहेरचा माणूस जोडला गेल्याने आतल्यांचं किती बिघडतं? तो काय बघतो यापेक्षा तो किती लांब बसलाय, यावर ते जास्त अवलंबून असतं. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वाय-फायचा नियम. सिग्नल चांगला असेल तर मोबाइल भरभर बोलतो, कमजोर असेल तर चुका टाळण्यासाठी सावकाश. माहितीचं १,५०० बाइटचं एक पाकीट १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाने ०.१२ मिलिसेकंदात हवेतून जातं. १ एमबीपीएसवर त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे शंभरपट. एकाच रहाटाच्या विहिरीवर कोणी फुटकी कळशी घेऊन आला की रांगेतल्या सगळ्यांचाच खोळंबा होतो, तसं हे. माजघरात बसून सिनेमा बघणाऱ्या पाहुण्यापेक्षा गडग्यावर रील बघणारा पोरगा कधी कधी जास्त महागात पडतो.

अर्थात नेट रखडलं की लगेच चोर शोधायला निघू नये. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून बघावा. तिथेही रडगाणं असेल तर दोष लाइनचा. केबलवर सुसाट आणि हवेत मंद असेल, तर मग ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान उघडावं. त्या पानाचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते आणि इथेच पुष्कळ जण फसतात. ‘एस्प्रेसिफ’ असं परकं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. ही शांघायची चिप बनवणारी कंपनी. तिची चिप आपल्याच स्मार्ट बल्बात किंवा प्लगात बसलेली असते.

यादीत प्रत्येक उपकरणापुढे बारा अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची ओळख, असतो. त्यातली पहिली सहा अक्षरं एरवी कंपनी सांगतात. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून मोबाइल खरा पत्ता झाकून बनावट पत्ता देतात. तो ओळखायची खूण सोपी आहे: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनावट. त्यामुळे यादीवरून माणूस हुडकण्यापेक्षा घरातली उपकरणं एकेक बंद करत जावं आणि शेवटी कोण उरतं ते बघावं.

आता तो आत आला कसा? हॅकर वगैरे क्वचितच. पासवर्ड आपणच दिलेला असतो. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं, आणि आरतीच्या आधी ‘काकानू, पासवर्ड काय ओ?’ हा प्रश्न येतो. नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, नसावीही. पण हल्लीचा मोबाइल जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड दोन टिचक्यांत दाखवतो. पाहुणे पुनवेआधी मुंबईला परततात, पासवर्ड वाडीत राहतो.

दुसरी वाट म्हणजे पासवर्डाच्या जागी मोबाइल नंबर. वाय-फायला कुलूप घालायच्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत मोबाइल राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती हवेतून पकडून ठेवता येते आणि मग घरी बसून एकेक पासवर्ड ताडून बघता येतो. भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४ अब्ज. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाख पासवर्ड तपासतं. करा भागाकार: सव्वा तासाच्या आत सगळे संपतात. तिसरी वाट डब्ल्यूपीएसच्या, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायच्या सोयीच्या, आठ आकडी पिनची. शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा, आणि उरलेले सात राउटर चार आणि तीन असे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे १ कोटी प्रयत्नांचं काम ११ हजारांवर येतं. ही खोट २०११ सालीच उघड झाली. राउटरमध्ये डब्ल्यूपीएस चालू असेल तर बंद करून टाका.

यावर लोक जे उपाय करतात त्यातले दोन मला बिनकामाचे वाटतात. एक, ठरावीक मॅक पत्ते अडवणं. हा पत्ता कूटबद्ध नसतो, हवेत उघडा फिरतो, आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये बदलतासुद्धा येतो. दुसरा, नेटवर्कचं नाव लपवणं. मग आपलाच मोबाइल जाईल तिथे ते नाव पुकारत राहतो.

ही केवळ डेटाची बाब नाही. बाहेरच्या जगाला आपल्या राउटरमागची सगळी उपकरणं एकाच आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकाची, दिसतात. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायपाशी. बेइमानीने दुसऱ्याच्या नेटवर्कात शिरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. शेजारच्या पोरावर कोणी हे कलम लावायला जाणार नाही, पण चौकशीला दार पहिलं आपलंच वाजतं.

म्हणून भांडण न करता पासवर्ड बदलावा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले की पुरे. लांबी ६३ अक्षरांपर्यंत चालते. राउटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्डही बदलायचा, नाहीतर आत आलेला कोणीही आपला नवा पासवर्ड तिथे जाऊन वाचेल. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळं काढावं. त्यावरच्या मोबाइलला घरातला कॅमेरा किंवा कॉम्प्युटर सहसा दिसत नाही, आणि विसर्जनानंतर ते बंद केलं तर कोणाला वाईटही वाटत नाही. मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्यांनी तर दर आठवड्याला त्याचा पासवर्ड बदलावा.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये पकडलेली देवाणघेवाण घरी नेऊन पासवर्ड ताडण्याची सोयच उरलेली नाही. राउटरमध्ये तो पर्याय असेल तर निवडावा. जुना टीव्ही किंवा बागेतला कॅमेरा त्यावर जोडला जात नसेल, तर तेवढ्यापुरतं २.४ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए-२ ठेवून बाकी घर ५ गिगाहर्ट्झवर न्यावं. तो सिग्नल तसाही गडग्यापर्यंत जाता जाता दमतो.