धड्याचं वजन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटी सोडून गाडी कणकुंबीच्या वाटेला लागली की फोनवरच्या रेंजची एकेक दांडी कमी होऊ लागते. अशा डोंगरातल्या शाळेतल्या मुलांपर्यंत धडे पोचवायचे कसे? पावसाळ्यात तर रेंज जास्तच जाते. त्याला डोंगर आणि झाडी दोन्ही कारणीभूत आहेत. रेडिओलहर जितकी लांब, तितकी ती अडथळ्याला वळसा घालू शकते. फोनच्या लहरींपैकी ९०० मेगाहर्ट्झची (सेकंदाला नव्वद कोटी कंपनांची) लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, २३०० मेगाहर्ट्झची जेमतेम १३. आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा मोठी, म्हणून माहिती जास्त मावते. पण कड्याआडच्या वाडीत त्या नीट पोचत नाहीत आणि ओल्या पानांत त्यांची बरीच शक्ती जिरते.

डिश टीव्हीवरच्या शैक्षणिक वाहिन्यांना डोंगराची अडचण नाही, कारण उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. मात्र त्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि पावसाची जोरदार सर त्यांना शोषून घेते. शाळा सुरू होते नेमकी जूनमध्ये!

म्हणून धडा फोनवरून वा टीव्हीवरून थेट दाखवण्याचा हट्ट सोडावा, असं मला मनापासून वाटतं. थेट तासात उशिरा आलेला शब्द वायाच जातो. फाइल मात्र तुकड्या-तुकड्यांनी येते; रात्री रेंज आली की राहिलेला तुकडा मागवता येतो. शिवाय फाइलचं वजन, म्हणजे तिचा आकार पाहा. सेकंदाला एक मेगाबिट दराने तासाभराचा व्हिडिओ ४५० एमबी (मेगाबाइट; आठ बिटांचा एक बाइट) होतो. तेच बोलणं ‘ओपस’ या ध्वनिपद्धतीत सेकंदाला १६ किलोबिट दराने साठवलं तर सात एमबीच्या आसपास. आवाज स्वच्छ, वजन साठपटीने कमी. फळ्यावरच्या आकृतीसाठी सोबत दोन-चार फोटो पुरतात.

त्याहून सोपी वाट एसटीची. ६४ जीबीचं मेमरी कार्ड खिशात घालून गुरुजी दोन तासांत शाळेत पोचले, तर ती माहिती सेकंदाला सत्तर मेगाबिटच्या वेगाने पोचली! शाळेत तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक ठेवायचा, त्यात ‘कोलिब्री’ ही धडे साठवून दाखवणारी मोफत प्रणाली घालायची. तो स्वतःचं वायफाय पसरवतो. मुलं घरच्या जुन्या फोनवरून धडे उघडतात, इंटरनेट लागतच नाही. वीज गेली तर पॉवर बँकेवर काही तास निघतात. इंटरनेटशिवाय संकेतस्थळं वाचू देणारं ‘किविक्स’ वापरून अख्खा मराठी विकिपीडियाही त्याच कार्डावर मावतो.

कार्डावर काय भरायचं, हा प्रश्न मात्र आपल्याकडे वेगळा आहे. इथल्या सरकारी मराठी शाळांत कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची मराठी पुस्तकं आहेत. महाराष्ट्राच्या पुस्तकांवर बेतलेले तयार व्हिडिओ भरपूर सापडतात, पण प्रकरणांचा क्रम जुळत नाही, कधी प्रकरणच नसतं. तेव्हा गणिताच्या बाईंनी वर्ग सुटल्यावर, खिडक्या लावून, फोनवर वीस मिनिटांचा धडा बोलून ठेवावा. तो अडीच एमबीसुद्धा भरत नाही.